दादाच्या बांधीतला डबा

मैत्रिणींनो, आज सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

माझी भाची डेन्मार्कमध्ये मातीवर संशोधन करते. आज ती मोहाडीजवळच्या आमच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, एक पारदर्शक डबा उपडा ठेवत होती. युरिया जास्त झाला की मातीतून नायट्रस ऑक्साइड हा वायू निघतो आणि हवा तापते. तिथल्या आणि इथल्या शेतांतून तो किती निघतो, हे तिला डब्यात वायू धरून ताडून पाहायचं आहे.

तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, बांधावर उभा होता. "काहून वो बेटा, मंग म्याच हवा बिघडवली का?"

"तिथले शेतकरीही असेच रागावले, बाबा," ती हसली. दादा हसला नाही.

सत्तरच्या दशकात आमच्या गावात पहिल्यांदा युरिया टाकला तो दादानेच. मी कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहातून सुट्टीला आले होते. "साखर पेरून राहिला येडा!" म्हणत लोक बघायला जमले होते. एरवी आषाढ येईतो कणगी रिकामी व्हायची; पुढच्या आषाढात पहिल्यांदाच घरचा तांदूळ पुरला. माझं पुढचं शिक्षणही त्याच धानावर झालं.

"तिथं आषाढात कोणाची चूल बंद राहे का?" दादाने विचारलं. "हा डबा ते सांगते का?"



मग दादाच बांधीत उतरला. बांधालगतच्या विरळ धानातला डबा उचलून त्याने सगळ्यात गर्द हिरव्या, युरिया जास्त पडलेल्या जागी ठेवला. "इथं लाव. जे हाये ते निघू दे."

तेव्हापासून तो बांधावरच बसून आहे. त्याच्याच धानावर शिकलेली मी, त्याला काय सांगू?