डागावर पाय

भाऊसोचा राग गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो वाळूचे साचे भरायचा. भट्टीजवळ राहून माणूस तापतो, असं त्याची बायको बनाबाई शेजारणींना सांगायची. पण ते काही खरं नव्हतं. तरुणपणी तालमीत होता तेव्हाही कुस्ती कमी आणि पंचांशी भांडण जास्त, असाच त्याचा लौकिक होता.

दोन हजार चार साली शहरातल्या एका क्लबानं बायकांची मोठी टेनिस स्पर्धा भरवली. टेनिसवरच पोट असलेल्या पोरी देशोदेशींहून येणार होत्या. मुख्य स्पर्धेआधी नवख्या पोरींच्या दोन फेऱ्या होत्या. दोन्ही जिंकल्या की मोठ्या स्पर्धेत जागा. त्या नवख्यांत भाऊसोची संयोगिता होती. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिच्या हातात रॅकेट दिली त्याला बरीच वर्षं झाली, पण भाऊसोनं तिचा एकही सामना पाहिला नव्हता. ती येऊच द्यायची नाही.

"आबा, तिथं वरडायचं नसतंय," ती म्हणाली.

"मग मी काय येडा हाय व्हय, उगंच वरडायला?"

"येडं न्हवं, तोंडाळ हाईसा," बनाबाई चुलीपुढून म्हणाली.

शेवटी त्यानं जोतिबाची आण घेतली, तेव्हा पोरगी कबूल झाली.

पहिल्या फेरीच्या सकाळी भाऊसो इस्त्रीचे कपडे घालून गेला. सावलीत सोफे मांडलेले होते, वर पांढरे अभ्रे, आणि एकावरही माणूस नाही. तो टेकणार तोच क्लबातला एक टोपीवाला धावत आला.

"ओ पावणं, ते पाहुण्यांसाठी हाय."

"मग मी कोण? आन कुठायत तुमचं पाहुणं?"

"ते फायनलला येणार."

"फायनलला येणाऱ्यांच्या गाद्या आजपास्नं सावली खात्यात, आन ज्येची पोर खेळतीया त्येनं उभं ऱ्हायाचं!" भाऊसोच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. पण आण आठवली. दात खात तो उन्हातल्या बाकावर जाऊन बसला. बाकावर तो एकटाच होता. एवढ्या कोल्हापुरात आपल्या पोरीसाठी चार माणसं येऊ नयेत याचाही त्याला राग आला.

मैदान तांबड्या मातीचं, पाणी मारून चोपलेलं. ते बघून मात्र त्याला जरा बरं वाटलं. संयोगितासमोर दिल्लीची एक उंच पोरगी होती. पंच कुठं दिसेना. टोपीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "या फेरीला प्रत्येक मैदानावर पंच नसतोय. आपल्या बाजूचा चेंडू आत का बाहेर, ते ज्येचं त्येनंच सांगायचं. भांडण झालं तर हात वर करायचा, मग बाई येत्यात."

"म्हंजे चोरालाच फौजदार केलंय की!"

"हळू बोला."

पहिला डाव संयोगितानं घेतला. दुसऱ्यात ती दमली, मागं मागं सरायला लागली. भाऊसोला राहवेना. "संयू, म्होरं हो! डाव्या अंगाला घाल!" तो गरजला. पलीकडच्या मैदानावरचा खेळसुद्धा थांबला. टोपी घातलेल्या पंचबाई आल्या आणि संयोगिताला ताकीद देऊन गेल्या: बाहेरून सल्ला चालत नाही, पुन्हा झालं तर गुण जाईल. संयोगितानं बापाकडं बघितलंसुद्धा नाही. दुसरा डाव दिल्लीवालीनं नेला.

"बोलला बाप आन दंड पोरीला," भाऊसो पुटपुटला. "कुठला न्याय ह्यो?"

तिसऱ्या डावात काट्याची टक्कर लागली. आणि ऐन मोक्याला संयोगिताचा एक चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात रेषेवर पडला. ओल्या मातीत त्याचा डाग उठला. भाऊसोच्या बाकासमोरच तो कोपरा. अर्धा डाग रेषेवर, आंधळ्यालाही दिसावा असा. दिल्लीवालीनं बोट वर करून 'बाहेर' म्हटलं.

भाऊसोच्या डोक्यातली आण तिथंच जळाली. तालमीच्या माणसाला एकच रीत माहीत. आपल्या पैलवानावर अन्याय झाला की वस्तादानं आखाड्यात उतरायचं, कुस्ती थांबवायची आणि पंचाला मातीवर आणून दाखवायचं. तो उठला. एवढ्या रागातही पायातल्या चपला कडेला काढल्या, कारण तांबड्या मातीत चपला घालून जायचं नसतं, आणि अनवाणी तरातरा थेट कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"या! बगा हितं! ह्येला भाईर म्हंत्यात? डोळं हाईत का बटणं?"

पंचबाई पळत आल्या. "कुठे आहे मार्क?"

"ह्यो काय!" म्हणून भाऊसोनं खाली बोट केलं. खाली त्याचाच पाय होता. पाय उचलला, तर पाची बोटं आणि टाच मातीत झकास उठलेली, आणि डाग कुठंच नाही.

संयोगिता जाळ्यापाशी उभी होती. तिचा हात वर होता. बापाकडं बघत तो हळूहळू खाली आला.

तो गुण गेलाच, वर दंडाचा आणखी एक गेला. भाऊसोला टोपीवाल्यानं दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. चपला मागाहून आल्या. कुंपणाला हिरवं कापड बांधलेलं, त्यामुळं आतलं काही दिसेना. चेंडूचा आवाज तेवढा यायचा, मधेच चार टाळ्या, पण कुणासाठी ते कळायला वाव नाही. त्यानं कापडाला शिवी दिली, क्लबाला दिली, दिल्लीला दिली. मग देण्यासारखं एकच माणूस उरलं, तेव्हा गप्प झाला.

बऱ्याच वेळानं संयोगिता बाहेर आली. गुडघा खरचटलेला, चेहरा तापलेल्या तव्यासारखा.

"संयू, ती पोरगी खोटं—"

"मला दिसला न्हवता व्हय डाग?" ती ओरडली. फाटकावरचा वॉचमन दचकला. "मी हात वर केलताच की! बाई येतच हुत्या. तुमी डागावरच जाऊन हुभं ऱ्हायलासा!"

"मला वाटलं, तू गप बसलीस..."

"तुमच्यावानी वरडलं न्हाय म्हंजे गप बसलं व्हय? उद्या याचं न्हाय. पार रस्त्यापत्तुर सुदिक न्हाय."

भाऊसो मान खाली घालून उभा होता. मग त्यानं वर बघितलं. "उद्या? उद्या कसं काय?"

"जिंकले न्हाय व्हय मी!"

त्याच्या गळ्यात आरोळी आली होती. पोरीनं असं बघितलं की ती तिथंच अडकली.

"मग उद्या मी कुठं बसू?"

"कामावर."

दुसऱ्या दिवशी भाऊसो पहिल्या पाळीला हजर झाला. वाळू ठोकू लागला. एवढ्या जोरानं, की शेजारच्या बाळासोनं दोनदा वळून बघितलं.

"भाऊसो, पोरीचा खेळ हाय न्हवं आज?"

"हाय."

"आन तू हितं?"

"बाळासो, तोंड मिट आन साचा भर!" भाऊसो असा गरजला की भट्टीवरची माणसंही थांबली. मग पुन्हा खाली वाकून तो वाळू ठोकत राहिला.