तुकडा आईकडून आलेला

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की माझ्या घरात फितुरी झाली आहे आणि तिचा उलगडा रेशमाच्या अळ्यांनी केला.

माझी मुलगी रेशीमकिड्यांवर संशोधन करते. परवा तिच्या प्रयोगशाळेत गेलो, तर ट्रेमधल्या अळ्या तुतीचा पाला कुरतडत होत्या.

"बाबा, ह्यांच्या पेशींत काही उनाड जनुकं असतात," ती म्हणाली. "स्वतःच्या प्रती काढून कुठेही घुसतात. मग त्यांच्याच प्रतींचे बारीक तुकडे, म्हणजे छोटे आरएनए, त्यांना ओळखतात आणि कापून गप्प करतात. असे कितीतरी तुकडे आई अंड्यातच देऊन ठेवते."

मी एका अळीकडे बघत राहिलो. आमच्याकडे वेगळं काय चालतं? मी गोष्ट सुरू केली की बायको माझ्याच गोष्टीतले दोन शब्द पुढे टाकते आणि गोष्ट जागीच मरते. उरली होती ही मुलगी, माझी शेवटची श्रोती.

तेवढ्यात पाला घालणाऱ्या शांताबाई आल्या. नवा कान दिसताच मी खुललो. "बाई, आमच्या कॉलेजात एकदा जिन्यावर म्हैस चढली..."

"आणि केळी दाखवून उतरवली. माहीत आहे, बाबा," मुलगी म्हणाली. तोच आईचा सूर, तीच कात्री. अंड्यातच मिळाली असणार.

शांताबाई मात्र टोपली धरून गोंधळल्या. "पण ताई, तुम्ही सांगितलंत तेव्हा ती म्हैस तर तुम्ही उतरवली होती ना?"