टेकडीमागचा वारा

फानूरिसच्या बेटावर कपडे वाळत घालण्याआधी बायका आकाशाकडे बघत नसत, विमानतळाच्या मनोऱ्यात फोन करत. कुणाला भिंतीला चुना लावायचा असे, कुणाला आठ पायांचं ऑक्टोपस दोरीवर टांगायचं असे, कुणाची मुलगी नवऱ्यामुलाच्या घरी जायची असे आणि केस विस्कटायला नको असत. फानूरिस सगळ्यांना सारख्याच गांभीर्याने उत्तर द्यायचा. "अकरापर्यंत घाल. मग आत घे." त्याचं अकरा म्हणजे अकरा.

एकतीस वर्षं तो त्या मनोऱ्यात बसत होता. विमानाला उतर किंवा उतरू नको असं सांगायचा अधिकार त्याला नव्हता, तो वैमानिकाचा. फानूरिसने धावपट्टी मोकळी आहे का आणि वारा किती, कुठून, एवढंच सांगायचं. वारा मोजायला यंत्र होतं, त्याचा आकडा समोरच्या काचेवर उमटे. तो वाचून दाखवला की काम संपलं. पण फानूरिसचा बाप स्पंज काढणारा पाणबुड्या. पाण्याच्या पाठीवरून वारा ओळखायला त्याने मुलाला सातव्या वर्षी शिकवलं होतं, आणि ते यंत्राच्या आधीचं शिक्षण.

धावपट्टीच्या दक्षिण टोकाला, पश्चिमेच्या अंगाला एक बोडकी टेकडी, तिच्यावर पांढरं देऊळ, पलीकडे खाडी. यंत्र होतं उत्तर टोकाला. वारा एका विशिष्ट अंगाने आला की टेकडीवरून घरंगळत खाली पडे आणि नेमका विमानं टेकतात तिथे हवेत खड्डा करी. यंत्राला त्याचा पत्ताही नसे. फानूरिसला मात्र कळे. खाडीतल्या पाण्यावर काळसर ठिपके दोन बाजूंनी धावत येत आणि देवळाखाली एकमेकांना भिडत. मग तो आकडा सांगून झाल्यावर जोडायचा, "आणि देवळाखाली खड्डा आहे." छापील तक्त्यात याला रकाना नव्हता. तो एका निळ्या वहीत लिहून ठेवी. नेहमीच्या वैमानिकांनी आता आता त्याला उलट विचारायला सुरुवात केली होती, "काका, खड्डा?"

उन्हाळ्यात त्या एका पट्टीवर बेट जगायचं. शनिवारी उत्तरेकडच्या देशांतून सुट्टीवाल्यांची विमानं यायची. उतरताना माणसं सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी, पंधरवड्याने चढताना कोकमासारखी लाल, चपलांत अर्धा किनारा भरलेला. फानूरिस त्यांना फक्त वरून बघे. एवढ्या वर्षांत त्यातल्या एकाशीही तो बोलला नव्हता, आणि एकही जण त्याच्या वाऱ्याने आपटला नव्हता.

त्या जुलैत त्याच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. मुलगा स्टेरगोस तेलवाहू जहाजावर; सोमवारी त्याला पुन्हा निघायचं होतं. सून दानाई अथेन्सची. पोरगं सात महिन्यांचं झालं तरी चालीप्रमाणे बाप्तिस्म्यापर्यंत बिननावाचं, सगळे त्याला नुसतं 'बाळ' म्हणत. पहिला मुलगा म्हणजे बापाच्या बापाचं नाव, हे बेटावर इतकं ठरलेलं की कुणी बोलूनही दाखवत नाही. दानाईने मात्र दाखवलं होतं.

"बाबा, शाळेत पोरं याला फानूरिस म्हणून चिडवतील हो. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचं नाव वाटतं ते."

"नव्वद वर्षांचा होईल तेव्हा शोभेल," फानूरिस म्हणाला.

दानाई हसली. "बरं, करार करू. शनिवारी इथे पार पडलं तर तुमचं नाव. नाही पडलं तर हा जहाजावरून परतला की ऑक्टोबरात अथेन्सला, आणि मग माझ्या वडिलांचं. यासोनास."

सगळे हसले. फानूरिसही हसला, पण त्या दिवसापासून तो हवामानाचा अंदाज दिवसातून चारदा बघू लागला. त्याची बायको कालियोपी म्हणायची, "मी बाळंत होताना एवढा बघितला नव्हतास."

सगळं एका माणसावर येऊन थांबलं होतं. तो म्हणजे बाळाचा धर्मपिता, दानाईचा मामेभाऊ अखिलेआस. तो अथेन्सच्या एका शाळेत व्यायाम शिकवायचा. धर्मपित्याशिवाय बाप्तिस्मा नाही. पाद्री नाव विचारतो ते त्यालाच, आणि नाव उच्चारायचं ते त्यानेच. तो शनिवारी पावणेबाराच्या विमानाने येणार होता. देवळात सातची वेळ ठरली होती. दोन बोकड भट्टीत गेले होते.

सकाळी नऊचं सुट्टीवाल्यांचं विमान अलगद उतरलं. साडेदहाला वारा वायव्येकडे सरकला. फानूरिसने खाडीकडे पाहिलं. पाणी अजून एकाच बाजूला धावत होतं. अकराला त्याने पुन्हा पाहिलं आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

खालून फोन आला. थेमिस, अग्निशमन गाडीवरचा मुख्य आणि त्याचा चुलतभाऊ. "काय आजोबा, पाहुणा येतोय ना वेळेवर? की त्याच्यासाठी पायघड्या घालू पट्टीवर?"

"वाऱ्याचा आकडा किती दिसतो तुझ्याकडे?"

"बावीस. बावीसला काय होतंय? काल अठ्ठावीसला उतरलं."

"काल उत्तरेचा होता."

थेमिस म्हणाला, "फानूरिस, तुझं काम आकडा सांगायचं. आकडा बावीस आहे. बाकी तुझी वही कुणी मागितलेली नाही."

हे खोटं नव्हतं. नुसतं 'बावीस' म्हटलं असतं तर कुणीही त्याला बोल लावला नसता. आणि देवळाखालचे ठिपके अजून पुरते भिडलेही नव्हते; भिडत होते, सुटत होते. खड्डा आहेही आणि नाहीही, अशी ती वेळ. दुसऱ्या कुठल्या शनिवारी आपण काय म्हटलं असतं, हे त्याने स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

विमानाने हाक दिली. वैमानिक ओळखीची होती, गेली सहा वर्षं येणारी. फानूरिसने पट्टी मोकळी असल्याचं सांगितलं, बावीस सांगितलं, दिशा सांगितली. मग बोटाने बटण तसंच दाबून ठेवत तो म्हणाला, "आणि देवळाखाली खड्डा आहे. येतोय, जातोय."

तिने विचारलं, "तुम्ही असता तर?"

"मी विमान चालवत नाही, बाईसाहेब. पण आज मी त्या पाण्यात होडी घातली नसती."

विमान बेटावरून एकदा फिरलं. खाली दानाई गच्चीत उभी राहून ओढणी हलवत असेल, हे त्याला ठाऊक होतं. फिरलं, शेपूट दाखवलं आणि शेजारच्या मोठ्या बेटाकडे निघून गेलं. फानूरिसने निळ्या वहीत वेळ लिहिली.

पहिला फोन कालियोपीचा. "ते विमान गेलं कुठे?"

"शेजारी. इथे वारा बरा नव्हता."

"कुणी सांगितलं बरा नव्हता?"

फानूरिसने निळी वही मिटली.

"तूच," ती म्हणाली. "अरे देवा, तूच. बोकड भट्टीत, पाद्री न्हाऊन बसलाय, आणि हा गृहस्थ स्वतःचं नाव परत पाठवतोय. बोट तरी सुटेल का तिकडून?"

"तीनची सुटेल. वारा दुपारी आणखी वाढणार नाही, संध्याकाळी पडेल. साडेसहाला धक्क्यावर लागेल."

"आणि पाहुणा?"

"पाहुणा ओकेल."

त्या दिवशी खड्डा खरोखर केवढा होता हे कधीच कळलं नाही. खालच्या दालनात परतीचे सुट्टीवाले बॅगांवर बसून कुरकुरले, थेमिसने त्यांना कलिंगड कापून दिलं, आणि दुपारी चारनंतर वारा जरा उतरला तेव्हा त्यांचं थांबवलेलं विमान आलं आणि त्यांना घेऊन गेलं.

साडेसहाला सात मिनिटं कमी असताना बोट लागली. अखिलेआस हा दारात वाकून शिरावं लागेल असा माणूस, पण बोटीतून उतरला तो कच्च्या कैरीच्या रंगाचा. दानाईने त्याला मिठी मारली. तो धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसला.

"आधी मला तुमच्या विमानतळावर न्या," तो म्हणाला. "तिथे कुणी एक वारेवाला बसवलाय. त्याला बघायचंय मला."

"का रे?" दानाईने विचारलं.

"खाली पट्टी दिसत होती गं! माणसं दिसत होती! आणि ती वैमानिक आम्हाला सांगते, आकडा चांगला आहे, पण इथला माणूस खड्डा म्हणतोय, आणि तो म्हणतो तेव्हा मी जात नाही. एका माणसाच्या शब्दावर साडेतीन तास बोट. माझ्या पोटात ईस्टरपासूनचं काही उरलेलं नाही."

फानूरिसने त्याची बॅग उचलली होती. ती त्याने खाली ठेवली. "मीच तो."

अखिलेआसने त्याच्याकडे वर पाहिलं. "तुम्ही? दानाईचे सासरे? मी त्या विमानात आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"सातव्या रांगेत. खिडकीजवळ."

दानाई सासऱ्याकडे बघत राहिली. विमान हवेमुळे परत गेलं, एवढंच तिला दुपारपासून सांगण्यात आलं होतं. कालियोपीने बाकीचं पोटात ठेवलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आपला करार लक्षात होता ना तुमच्या?"

"होता."

"तरी?"

"करार वाऱ्याशी नव्हता झाला," फानूरिस म्हणाला आणि बॅग पुन्हा उचलली.

अखिलेआस उभा राहिला, थोडा डुलला, सावरला. "काय नाव म्हणायचंय मी देवळात?" त्याने दानाईला विचारलं. "तू फोनवर दोन सांगितली होतीस."

"एकच आहे," दानाई म्हणाली. "बॅग उचलणाऱ्याला विचार."

देवळात पोहोचेपर्यंत वारा पडला होता. दारावरचा झेंडा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. "आता कागदाचं विमानसुद्धा उतरेल," थेमिस मागून कुजबुजला. बाळाला तेल लावलं, पाण्यात तीनदा बुडवलं, आणि त्याने देऊळ डोक्यावर घेतलं. पाद्री सावासने नाव विचारलं. अखिलेआसने मैदानावर पोरांना हाक मारतात त्या आवाजात ते सांगितलं. मागच्या रांगेतल्या ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या सोफ्रोनियानेसुद्धा मान डोलावली. फानूरिस खांबाला टेकून उभा होता. कालियोपीने त्याच्या हातात रुमाल दिला. त्याने चष्मा पुसायला तो वापरला, आणि चष्मा पुसायला बराच वेळ लागला.

रविवारी सकाळी आठला मनोऱ्यातला फोन वाजला.

"बाबा, दानाई बोलतेय." सून मनोऱ्यात कधी फोन करत नसे, ती मोबाइलवर हवा बघायची. "लंगोट बाहेर वाळत घालू का? बारा आहेत."

"कुणाचे?"

"फानूरिसचे," ती म्हणाली.

त्याने काचेबाहेर खाडीकडे नीट पाहून घेतलं. "घाल. दहापर्यंत. मग आत घे."