व्याह्यांनी वाढलेल्या गोळ्या

लेकीचा फोन आला, "आबा गेले." आबा म्हणजे तिचे सासरे, कळसचे माझे व्याही. मी पिंपळीत दारात उभा राहून ढेकर देत होतो... आणि खरं सांगतो, आधी आला तो त्यांचा रागच. दोन दिवसांपूर्वी आमच्या घरून पुरणपोळी खाऊन गेलेला माणूस असा जातो?

आबांचं पोट सदा गच्च. चार घास खाल्ले की जळजळ. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. जठरात जंतू, त्यांच्यामुळं अस्तराला सूज, त्यात एक जखम. दोन आठवड्यांचा कोर्स, एकही गोळी चुकवायची नाही. मी शेजारीच बसून ऐकलं होतं. तरी परतताना आबांनी निम्मी पाकिटं माझ्या खिशात कोंबली. "तुमालाबी ढेकरा येत्यात. मी एकट्यानंच खायचं, बरं दिसतं व्हय, पावणं?"

"अवं, ही जिलबी न्हाय."

"मंग आमच्या हातचं चालत न्हाय म्हणा की."

व्याह्यांच्या हातचं नको म्हणणं आमच्यात बसत नाही. गोळ्या घेतल्या. वर परतफेड म्हणून माझं सोड्याचं चूर्ण कळसला पाठवलं. इतका मी शहाणा.

थोडे दिवस दोघं खूश. मग आबांचं पुन्हा सुरू, माझंही. डॉक्टर म्हणाले, "यांचे जंतू अर्ध्या औषधानं मेले नाहीत. आणि तुम्हाला जंतू आहेत की नाहीत, हे तपासलं कुणी होतं?" त्यांनी नवा कोर्स लिहून दिला, तर आबा म्हणाले, "नातवाचं बारसं हुंद्या."

बारशाला आमच्याकडे आले ते पांढरेफटक. मी पुरणपोळ्या वाढत राहिलो, ते खात राहिले, आणि लेक-नातवाला घेऊन कळसला परतले. त्यांना शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, म्हणजे आतली जखम वाहत होती. हे विहीणबाईंनी नंतर सांगितलं. मी विचारलं, मग बोलले का नाहीत? म्हणाल्या, "व्याह्याच्या दारात असलं कसं सांगायचं, म्हणालं." आता या माणसाशी भांडायचं तरी कुठं जाऊन...

गेल्या आठवड्यात कळसला गेलो. जेवायला बसलो, तर सवयीनं कुणीतरी आबांचाही पाट माझ्या शेजारी मांडलेला. जावई पोळी घेऊन आले. "बास," मी म्हणालो. त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला होता.

त्यांनी लगेच पोळी मागं घेतली.