नावापुढची रेघ

उंब्रजला हायवेवर पंक्चर काढणारे ते मामा पलटणीत फुटबॉल खेळलेले. दिसेल त्याला दहापैकी गुण द्यायचे. चहाला पाच. माझ्या टायरला, "लय झिजलाय, तीन."

त्यांचा पोरगा परराज्यातल्या एका क्लबात पगारी खेळाडू होता, पण सबंध हंगाम बाकावरच बसून होता. दर सामन्यानंतर मामा मोबाइलवर, ॲपने खेळाडूंना दिलेले दहापैकी गुण बघायचे. पोराच्या नावापुढे नुसती रेघ असायची.

शेवटच्या सामन्यात त्याला एकदाचं मैदानात उतरवलं, तेही शेवटची शिट्टी वाजायच्या बेतात असताना. नावापुढे पुन्हा रेघच.

"एवढ्याशा खेळाला गुण देत नाहीत, मामा," मी म्हणालो.

ट्यूब पाण्यात दाबून ते बुडबुडे बघत राहिले.

"घाण खेळला आसता, तर तीन तरी दिलं आसतं न्हवं रं?"