कापलेलं पील

केळीच्या बागेत पाऊल टाकलं की गारवा आधी कानांना लागतो, मग मानेला, आणि सगळ्यात शेवटी तळपायांना. हे कुणाला सांगून पटत नाही. ऐन उन्हाळ्यात नांदेडहून अर्धापूरपर्यंत स्कूटर दामटत गेलेल्या माणसालाच ते उमगतं. रस्ताभर भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखी झळ, हेल्मेटमध्ये उकडून निघालेलं डोकं, आणि मग एकाएकी ती हिरवी, ओलसर, मंद उजेडाची सृष्टी! पानाला पान भिडलेलं, त्यातून गळणारं ऊन पार मवाळ झालेलं, आणि पायांखाली वाळक्या पानांची चरचर. त्या दिवशी माझी लेक प्रणाली माझ्या मागोमाग आत शिरली आणि म्हणाली, "पप्पा, कान गार झाले." पंधरा दिवसांत ती आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

सहल हे नुसतं नाव. खरं कारण स्कूटरच्या डिकीत होतं. दहावीचा निकाल छान लागला होता, आणि आमच्या भागात मूल असं चमकलं की घरोघर लातूरचं नाव निघतं. अकरावी-बारावी तिथे, मुलींच्या वसतिगृहात, आणि पुढे डॉक्टर. अर्ज मी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला होता. रेल्वेच्या कचेरीत पंचवीस वर्षं कागद भरणाऱ्याचं अक्षर ते! एकच रकाना रिकामा होता: विद्यार्थ्याची सही. प्रणाली नाही म्हणत नव्हती, सहीही करत नव्हती; 'बघू' म्हणायची आणि गच्चीवर निघून जायची. बागेच्या गारव्यात, पोट भरलेलं असताना, हसतखेळत सही घ्यावी, असा माझा डाव होता. बाप झालो तरी कारकुनी काही सुटत नाही.

बाग माझ्या मावसभावाची, गंगाधरची. त्या दिवसांत बागेत पिलं काढायचं काम चाललं होतं. केळीचं झाड घड देतं ते एकदाच. घड उतरला की त्याचं आयुष्य सरतं. पण तोवर त्याच्या बुंध्याशी चारदोन पिलं फुटलेली असतात. त्यांतलं एकच राखायचं आणि बाकीची कापायची. राखलेलं पील पुढच्या साली त्याच जागी उभं राहतं. केवढा विश्वास आणि केवढा निर्दय हिशेब! एकासाठी बाकीच्यांना जावं लागतं, आणि कोणी राहायचं हे विळा धरणारा हात ठरवतो.

गंगाधर मोटार बघायला विहिरीकडे गेला आणि मला चेव आला. हिमायतनगरच्या शेतकऱ्याचं रक्त आहे अंगात, म्हटलं लेकीला दाखवू तरी. एका बुंध्याशी दोन पिलं होती: एक रुंद, तुकतुकीत पानांचं, डौलदार, दुसऱ्याची पानं पात्यासारखी अरुंद, उपाशी पोरासारखी. कुठलं राखायचं, यात विचार तो काय करायचा? प्रणालीला चार गोष्टी सांगत मी त्या किडमिड्या पिलावर विळा चालवला. फसकन चीक उडाला आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळला. केळीचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो, मग काळा पडतो आणि सदरा फाटेपर्यंत सोबत करतो.

गंगाधर परत आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "काय करून राहिले दादा हे! राखायचं तेच कापलं की वो तुम्ही!"

"ते मरतुकडं?" मी म्हणालो.

"मरतुकडं न्हाई, तेच खरं हाय. पान बारीक, पण बूड बघा केवढं हाय! आईला धरून हाय ते अजून. अन् हे रुंद पानाचं नुसतं दिसायला. याला बूडच न्हाई. पान बघून राखत नसतेत दादा, बूड बघून राखतेत."

प्रणाली खळखळून हसली. माझ्या फजितीवर हसली, तरी मला बरं वाटलं. किती दिवसांनी घरातलं ते हसू ऐकत होतो!

मग आम्ही दोघंच कालव्याच्या काठी जाऊन बसलो. गंगाधरच्या घरून आलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवण झालं, आता विषय काढावा म्हणून मी घसा खाकरला, तेवढ्यात पाण्याकडे बघत तीच म्हणाली, "पप्पा, माझ्या लातूरचं तुम्ही सगळ्यांना विचारलं. ऑफिसात विचारलं, आमच्या सरांना विचारलं, खालच्या डॉक्टरांना विचारलं. कटिंगवाल्या काकांनासुद्धा विचारलं. मला एकदा तरी विचारलं का?"

कटिंगवाल्याला खरंच विचारलं होतं. गालाला साबण लावलेला असताना त्याने दिलेला सल्ला मी घरी येऊन सांगितलाही होता! मला माझे वडील आठवले. मी अकरा वर्षांचा असताना त्यांनी एका सकाळी माझी पत्र्याची पेटी बांधली आणि 'चल' म्हणाले. नांदेडला आत्याकडे राहायला चाललोय, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. त्यांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. उलट त्या पेटीमुळेच मी कचेरीच्या खुर्चीवर बसलो. पण विचारायचं असतं, हे ना त्यांना ठाऊक होतं, ना मला. माया करावी आणि मत मात्र घेऊ नये, ही रीत आमच्या घरात पिढीजात चालत आली आणि मी ती निमूटपणे पुढे चालवली.

"तुला जायचंय का?" मी विचारलं. तीन शब्दांना पंधरा दिवस लागले.

"नाही, पप्पा. शिकते मी, खूप शिकते. पण घरी राहून."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? विचारणं सोपं असतं. मनाजोगतं उत्तर आलं नाही की खरी कसोटी लागते. तिचं नुकसान होईल, पुढे ती मलाच बोल लावेल, असं कायकाय मनात आलं. मी भाकरीचं फडकं झटकून बांधलं. आम्ही बागेत परतलो.

निघण्यापूर्वी मी त्या बुंध्याशी थबकलो. तीन तासांपूर्वी मी सपाट कापलेल्या त्या पिलाच्या मधोमध बोटभर पांढुरका, कोवळा गाभा वर आला होता! कापल्याच्या खुणेतूनच, जणू काही झालंच नाही. मी गंगाधरला हाक मारली.

"येतंच ते," तो सहज म्हणाला. "बुडातला कोंब खांदून काढला असता तर मेलं असतं. तुम्ही वरूनच कापलं. लई चिवट असतंय दादा."

मी किती वेळ ते बघत उभा होतो कोण जाणे. माझ्या हातून मोडलं नव्हतं, एवढंच मला दिसत होतं, आणि माझे डोळे भरून आले. प्रणालीने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

गंगाधरने केळ्यांच्या चार फण्या बांधून दिल्या. त्या ठेवायला मी डिकी उघडली, तर वरच तो अर्ज. प्रणालीने अर्जाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फण्या थेट त्याच्यावर ठेवल्या.

"पप्पा, चीक लागेल ना."

"लागू दे," मी म्हणालो.

आता ती नांदेडलाच शिकते. माझा निर्णय बरोबर ठरेल की चूक, हे मला आजही ठाऊक नाही. कधीकधी कचेरीत कुणाच्या मुलीची लातूरची वार्ता ऐकली की घरी पोहोचेपर्यंत मी हिशेब मांडत राहतो. गंगाधरने त्या बुंध्याशी तेच पील राखलं आहे. ते आता माझ्या खांद्याला लागतं आणि महिन्यातून एकदा आम्ही ते बघून येतो.

गेल्या रविवारी मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. प्रणाली हेल्मेट घेऊन दारात उभी राहिली. मला वाटलं, आता 'चला' म्हणेल. मी चपला शोधू लागलो. पण ती तशीच थांबली आणि म्हणाली, "पप्पा, बागेत जाऊ म्हणते. तुम्हाला यायचंय का?"

अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला असं कुणी विचारल्याचं आठवेना. उन्हाने तापलेल्या त्या घरात, बागेपासून कोसभर दूर नव्हे, चांगल्या सहा कोसांवर, माझे कान गार झाले.