कवळी पाठवणारे दामूभाऊ

दामूभाऊंची कवळी शर्टाच्या वरच्या खिशात असायची. नंदाखालला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा ते केळीच्या बागेतून आले, आमच्याकडे पाठ करून कवळी चढवली आणि मग वळून म्हणाले, "या मास्तर!" जेवताना ती पुन्हा खिशात. "पावन्यांसमोर लावायची वस्तू ती. भाकरीला हिरड्या आहेत की."

बोलण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. साखरपुड्यात दोन्हीकडची मंडळी हमरीतुमरीवर आली की भाऊंना बोलावणं जायचं. तंबाखूची गोळी डाव्या गालात सारून ते असं काही बोलत की भांडणारे हसत जेवायला बसत.

एकदा कवळी डावीकडे टोचू लागली. माझी शाळा तुळिंजला आणि समोरच एका डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना. भाऊंनी कवळी स्टीलच्या डब्यात घातली, वर राजेळी केळ्यांची फणी दिली आणि म्हणाले, "जरा घासून आना."

"भाऊ, तुम्हीच चला ना."

"घड्याळ बिघडलं तर मनगट घेऊन जातो काय आपन?"

मी डबा घेऊन गेलो. बाईंनी डबा उघडून विचारलं, "आणि तोंड?" केळी ठेवून घेतली, कवळी परत पाठवली. आठवड्याने भाऊंनी पुन्हा डबा दिला. या खेपेला टोचणाऱ्या जागी चुन्याची खूण होती, बाईंना शोधत बसायला नको म्हणून. चुना बघून बाईंचा चेहरा बदलला.

"तंबाखू किती वर्षं?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून," मी म्हणालो.

त्यांनी डबा ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. "तोंड आलं की कवळी मिळेल."

भाचीचं लग्न महिन्यावर आलेलं. भाऊ शिव्या देत माझ्या स्कूटरवर बसले.

बाईंनी गालांच्या आत आरसा फिरवला, जीभ कापडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, जिभेखाली बोट फिरवलं, मानही चाचपली. सुटका होताच भाऊ कडाडले, "बैल घेतानासुद्धा एवढं बघत नाय कोन! दात तुमच्या कुलपात, मग तोंडात बघता काय?"

बाई हसल्या नाहीत. टोचत होतं त्याच्या मागे, जिथे गोळी बसायची तिथे, लालसर पांढरा चट्टा होता.

"इथे दुखतं?"

"अजिबात नाय."

"म्हणूनच तुम्ही आला नसता."

चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. भाऊंनी एकच विचारलं, "बोलता येईल ना?" मला फार भीती वाटली. गप्प बसलेले दामूभाऊ मला कल्पनेतही नको होते.

मुंबईला ऑपरेशन झालं. गालाचा थोडा भाग गेला, वाचा राहिली. भाचीच्या लग्नात टाके ओले होते म्हणून ते नुसत्या खुणांनी बोलले, तरी सगळ्यांपेक्षा जास्तच बोलले.

तंबाखू सुटला आणि गाव तावडीत सापडलं. भर मांडवात मोबाईलची बॅटरी लावून भाऊ म्हणायचे, "आ कर!" आणि वर उपदेश, "दुखेल तेव्हा जाईन म्हनू नको. दुखत नाय तेव्हाच जायचं." दाढ ठणकल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणाऱ्यांना त्यांनी सहा-सहा महिन्यांनी तोंड दाखवायला लावलं. मी मात्र सुपारीचं खांड चघळत "परीक्षा संपल्या की जातो" म्हणायचो. दवाखाना शाळेसमोर, तरी अशी पाच वर्षं काढली.

गेल्या वर्षी भाऊ झोपेतच गेले. हृदय थांबलं. आदल्या संध्याकाळी केळीच्या व्यापाऱ्याला तासभर झापलं होतं.

दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, बाग विकणार नाही. धाकटा भाऊ म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे फांदीवरून हलेनात. ऊन चढलं आणि एकेक जण माझ्याकडे बघू लागला.

मी सुपारी थुंकली, हात जोडले. "भाऊ, सोमवारी जातो. नक्की जातो."

कावळा उतरला. त्याला भूक लागली असेल, असं मी स्वतःला बजावलं. मुलगा मात्र रडता रडता हसला.

सोमवारी गेलो. बाई म्हणाल्या, "आ करा." आ केला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"दुखतंय का?" त्यांनी घाबरून विचारलं.

तोंड तसंच उघडं ठेवून मी मानेनेच नाही म्हटलं.